अखबाराची किंमत कोणी मोजली?

मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी शिकवते. नववीच्या वर्गात मौलाना अबुल कलाम आझादांविषयी बोलताना 'अल-हिलाल'चा विषय निघाला. मौलानांनी अखबार काढला, इंग्रज सरकारने तो बंद पाडला, एवढे परीक्षेपुरते सांगून मी पुढे जाणार होते. तोच मागच्या बाकावरच्या एका मुलाने उभे राहून विचारले, "आपा, अखबारात येते ते खरे असते का?"

वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही, कारण याच प्रश्नाची दोन कात्रणे आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत.

८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर आमच्या गावात बॉम्बस्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली. मी तेव्हा बारावीला होते. पुढे या प्रकरणात गावातीलच मुस्लिम तरुणांना अटक झाली. अब्बांनी त्या दिवसाचे कात्रण जपून ठेवले आहे. पहिले पान, आठ कॉलमी मथळा, आणि सबंध बातमीत 'आरोप' हा शब्द शोधूनही सापडत नाही. खटला चालण्याआधीच अखबाराचा निकाल लागला होता. दुसरे कात्रण एप्रिल २०१६ चे. विशेष न्यायालयाने त्या नऊ जणांना आरोपमुक्त केले. त्यांपैकी एक जण तोवर हयातही नव्हता. तेच दैनिक, पण ही बातमी आतल्या पानावर, एका कोपऱ्यात.

अब्बांनी सारी उमर यंत्रमागावर काढली. शाळा चौथीपर्यंत. दोन्ही कात्रणे हातात घेऊन ते म्हणाले, "बेटा, या अखबाराला आपण रोज काय देतो? चार रुपये. त्यात कागदसुद्धा येत नसेल. बाकीचे पैसे जो देतो, त्याचेच तो ऐकणार."

इतिहास माझ्या आवडीचा विषय. अब्बांचे वाक्य डोक्यात घेऊन मी जुन्या अखबारांचा इतिहास पुन्हा वाचला आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारत गेले : याचे पैसे कोण देत होते? वाचकहो, त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवते.

आश्रय आणि त्याची किंमत

आपल्याकडे अखबार सुरू झाला तो मूठभर वर्गणीदारांच्या भरवशावर. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. त्याचे वर्गणीदार तीनशेच्या आसपास होते, असे सांगतात. तरीही ते आठ वर्षांहून अधिक काळ चालले आणि १८४० मध्ये बंद झाले. उत्तरेत दिल्लीला मौलवी मुहम्मद बाकिर 'देहली उर्दू अखबार' चालवत. 'आब-ए-हयात' लिहिणारे मुहम्मद हुसेन आझाद हे त्यांचेच चिरंजीव. त्या काळी उत्तरेतल्या बहुतेक उर्दू अखबारांचा खप शेकड्याच्या पलीकडे फारसा जात नसे. वाचणारे थोडे, आणि पैसे देऊन वाचणारे त्याहूनही थोडे.

मग उरलेला खर्च कोणी भागवायचा? एक वाट सरकारी आश्रयाची होती. १८५० मध्ये लाहोरला मुन्शी हरसुख राय यांनी 'कोह-ए-नूर' काढला. त्याला पंजाबच्या इंग्रजी अमलाचा आश्रय होता. अखबार चांगला चालला, नावारूपाला आला. १८५७ चा उठाव झाला तेव्हा तो सरकारच्या बाजूने उभा होता. यात नवल ते काय? दाणा ज्याचा, पिंजरा त्याचा.

मौलवी बाकिर यांनी त्याच १८५७ मध्ये दिल्लीच्या उठावाच्या बातम्या आपल्या अखबारात छापल्या. सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि मौलवीसाहेबांना ठार केले. या देशात अखबारासाठी जीव देणाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव अगदी वर आहे. आमच्या किती मुलांना ते ठाऊक आहे, हा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारते.

१९०८ : पुणे आणि अलीगढ

पन्नास वर्षांनंतरची गोष्ट. १९०८ मध्ये 'केसरी'तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला. २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची आणि एक हजार रुपये दंडाची सजा झाली. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी काम बंद ठेवले. शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस, असा सहा दिवसांचा तो संप होता. त्या कामगारांपैकी कित्येकांना 'केसरी' स्वतः वाचताही येत नसेल. कोणीतरी वाचून दाखवावा, बाकीच्यांनी ऐकावा, अशी ती रीत. पण वेळ आली तेव्हा त्यांनी आपली मजुरी सोडली. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर चालते, त्याने सहा दिवसांची मजुरी सोडणे म्हणजे काय, हे मालेगाव-भिवंडीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

त्याच वर्षी अलीगढला 'उर्दू-ए-मुअल्ला' मासिकाचे संपादक मौलाना हसरत मोहानी यांना अटक झाली. इजिप्तमधील इंग्रजांच्या धोरणावरचा एक लेख त्यांनी छापला होता. लेखावर लेखकाचे नाव नव्हते. नाव सांगितले असते तर कदाचित सुटकाही झाली असती. मौलानांनी नाव सांगितले नाही, सारी जबाबदारी स्वतःवर घेतली. सक्तमजुरी झाली, तुरुंगात चक्की पिसली. दंड वसूल करण्यासाठी त्यांचा दुर्मिळ पुस्तकांचा संग्रह लिलावात कवडीमोलाने विकला गेला. हसरत टिळकांना आपले राजकीय गुरू मानत. पण टिळकांमागे मुंबईचा कामगार उभा राहिला, तसा हसरतमागे अलीगढमध्ये कोणी उभा राहिला नाही. त्यांच्या अखबाराची किंमत त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीच मोजली.

'अल-हिलाल'चा बाणा

१३ जुलै १९१२ रोजी कलकत्त्याहून 'अल-हिलाल' साप्ताहिक निघाले, तेव्हा मौलाना आझादांचे वय होते अवघे तेवीस. उर्दू अखबार त्या काळी कातिबाच्या हाताने लिहून शिळाछापावर छापत. 'अल-हिलाल' खिळ्यांच्या टाइपावर, चित्रांसह निघे. म्हणजे खर्च मोठा. अशा वेळी एका धनिकाकडून मदतीची रक्कम आली. मौलानांनी ती परत केली आणि सुरुवातीच्या अंकांतच आपली भूमिका मांडली. तिचा आशय असा की जो अखबार आपल्या किमतीपलीकडे कोणा माणसाकडून वा जमातीकडून पैसे घेणे रास्त समजतो, तो अखबार या पेशाला लागलेला डाग आहे. वाचकाने अंक विकत घ्यावा, किंमत द्यावी, त्यापुढे कोणाचे उपकार नकोत.

हा बाणा मुस्लिम वाचकाने उचलून धरला. दोन वर्षांच्या आत आठवड्याला २६,००० प्रती जाऊ लागल्या, असे मौलानांनीच आपल्या आत्मकथनात म्हटले आहे. उर्दू अखबाराच्या बाबतीत त्या काळी हा आकडा कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

पण सरकारच्या हाती १९१० चा प्रेस कायदा होता. छापखान्याने सरकारकडे जामीन ठेवायचा, मजकूर सरकारला रुचला नाही तर तो जप्त, आणि पुन्हा छापायचे असेल तर दहा हजारांपर्यंत नवा जामीन. फाशी नको, काळे पाणी नको, गल्ल्यावर हात टाकला की संपादक आपोआप गप्प होतो, हा त्यातला हिशेब. १९१३ मध्ये, कानपूरच्या मशिदीचे प्रकरण तापलेले असताना, 'अल-हिलाल'कडे दोन हजारांचा जामीन मागण्यात आला. नोव्हेंबर १९१४ मध्ये तो जप्त झाला आणि दहा हजारांची मागणी आली. 'अल-हिलाल' बंद पडले. मौलानांनी वर्षभराने 'अल-बलाग' काढले. ते चालू असतानाच १९१६ मध्ये त्यांना बंगालबाहेर काढण्यात आले आणि पुढे १९१९ च्या अखेरीपर्यंत ते रांचीला नजरकैदेत राहिले.

लाहोरच्या 'जमीनदार'ची कथा थोडी निराळी. मौलाना जफर अली खान यांच्या या अखबाराचा जामीन पुन्हा पुन्हा जप्त होई आणि वाचक वर्गणी काढून तो पुन्हा भरत. एक आणा अखबाराला आणि एक आणा तो वाचून दाखवणाऱ्याला, असा त्याचा चाहता वर्ग होता, अशी आठवण सांगतात. आठवणीत थोडी भर पडलीही असेल. पण लोकांच्या पैशावर अखबार पुन्हा उभा राहू शकतो, हे 'जमीनदार'ने दाखवून दिले.

ज्यांच्याजवळ एक आणाही नव्हता

इथवर वाचून मला वाटले, उत्तर मिळाले : वाचकाने किंमत द्यावी आणि संपादकाने दुसऱ्या कोणाकडून काही घेऊ नये. मग मी बाबासाहेब आंबेडकरांच्या अखबारांकडे वळले आणि हे उत्तर अपुरे वाटू लागले.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. त्याला राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली होती. 'केसरी'कडे 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊन छापा म्हणून पाठवली, तर ती नाकारण्यात आली. ही हकिगत खुद्द बाबासाहेबांनी पुढे नोंदवून ठेवली आहे. बारा वर्षांपूर्वी ज्या 'केसरी'साठी कामगारांनी मजुरी सोडली, त्याच 'केसरी'त अस्पृश्यांच्या अखबाराला पैसे मोजूनही जागा नव्हती. पैसे असले म्हणजे दार उघडतेच असे नाही, हाही त्यातला धडा.

बाबासाहेबांचा वाचक गावकुसाबाहेरचा. त्याला अक्षरओळख नव्हती आणि खिशात आणाही नव्हता. 'किमतीपलीकडे काही घेणार नाही' हा आझादांचा नियम इथे लावला असता तर 'मूकनायक' निघालेच नसते. मग मदत घेणे वाईट कसे म्हणता येईल? महाराजांची मदत आणि कोह-ए-नूरला मिळालेला सरकारी आश्रय, दोन्ही बाहेरचेच पैसे. पण एका पैशाने बोलण्याची ताकद दिली, दुसऱ्याने गप्प बसण्याचा मोबदला दिला. देणाऱ्याच्या मनात काय आहे आणि घेणाऱ्याची मान वाकते की नाही, हे पाहूनच मदतीचा न्याय करावा लागतो. तरीही एका देणगीवर अखबार किती दिवस चालणार? बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले, १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडले.

३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून भरावे लागत. अखबार कर्जात गेला तेव्हा त्यांनी आपल्या समाजाला जाहीरपणे विचारले, की हे ऋण माझ्या एकट्याचे आहे की सर्व लोकांचे? १९२९ मध्ये तेही थांबले. आझादांनी सांगितले, किमतीपलीकडे कोणाचे घेणार नाही. बाबासाहेबांनी विचारले, तुमच्यासाठी झालेले कर्ज तुमचे नाही का? माझ्या मते ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. दोघांचाही रोख शेवटी वाचकाकडेच आहे.

जाहिरातदार नावाचा नवा मालक

स्वातंत्र्य आले, जामिनाचे जोखड गेले. पण पैशाचा प्रश्न गेला नाही. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये अहवाल दिला. मोठे भांडवलदार जाहिरातींच्या बळावर जास्त पाने कमी किमतीत देतात आणि छोटे अखबार मरतात, हे आयोगाने पाहिले होते. किती किमतीला किती पाने द्यायची, हे ठरवून द्यावे अशी त्याची शिफारस होती. १९५६ मध्ये तसा कायदा झाला, १९६० मध्ये हुकूम निघाला.

त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला तो आपल्या पुण्याचा 'सकाळ'. ना. भि. परुळेकरांनी १९३२ मध्ये सुरू केलेल्या या दैनिकाचा खप तेव्हा ५२,००० च्या आसपास होता आणि किंमत सात नये पैसे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की 'सकाळ'च्या वाचकांनीही न्यायालयात वेगळे अर्ज केले होते. २५ सप्टेंबर १९६१ रोजी न्यायालयाने तो कायदा आणि हुकूम घटनाबाह्य ठरवला. पाने कमी केली तर विचारांचा प्रसार कमी होईल आणि किंमत वाढवली तर वाचक कमी होतील, दोन्हींमुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाध येतो, असा त्या निकालाचा गाभा. सरकारला अखबाराची पाने मोजू न देणारा हा निकाल योग्यच होता. पण छोट्या अखबारांनी जगायचे कसे, हा आयोगापुढचा प्रश्न तसाच राहिला. पुढे अखबार वाचकाला स्वस्त होत गेला आणि खर्चाचा मोठा भाग जाहिरातदार उचलू लागला.

याचा शेवट कुठे झाला ते महाराष्ट्राने २००९ मध्ये पाहिले. त्या वर्षीच्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांत उमेदवारांची स्तुती बातमी म्हणून छापली गेली. जाहिरात असल्याचे कुठे लिहिलेले नव्हते, पण मजकुराचे दर ठरलेले होते. 'पेड न्यूज' हा शब्द खेड्यातल्या माणसालाही कळू लागला. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिने नावानिशी अहवाल दिला. २०१० मध्ये कौन्सिलने तो पुरता प्रसिद्ध न करता त्याचा गोषवारा पुढे केला. पूर्ण अहवाल २०११ मध्ये माहिती आयोगाच्या आदेशानंतर लोकांसमोर आला. इतरांच्या भानगडी उघड करणाऱ्यांना आपले घर उघडायला माहिती अधिकाराचा धक्का लागला, ही गोष्ट अखबारावरचा विश्वास वाढवणारी नक्कीच नव्हती.

आणि आपण?

इथे थांबून दोष मोठ्या अखबारांवर टाकून मोकळे होता येईल. पण आपल्या घरातही डोकावले पाहिजे. आमच्या गावात चहाच्या हॉटेलात एक उर्दू अखबार येतो आणि सकाळपासून असरपर्यंत तीस-चाळीस हातांतून फिरतो. पैसे हॉटेलवाल्याचे. मोबाइल आल्यापासून तेही कमी झाले. फोटो काढलेले पान कोणीतरी ग्रुपवर टाकतो, बाकीचे मुफ्त वाचतात आणि खरे-खोटे न पाहता पुढे ढकलतात. सूरह हुजुरातमध्ये, खात्रीलायक नसलेल्या माणसाने बातमी आणली तर ती आधी पडताळून पाहा, अशी ताकीद आहे. आपण ती जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि मशिदीच्या पायऱ्या उतरताना विसरतो.

आमच्या भागातल्या एका छोट्या साप्ताहिकाच्या संपादकाला मी एकदा विचारले, की गटारीचे पाणी कारखान्यांत शिरते, त्यावर तुम्ही का लिहीत नाही? ते खिन्न हसले. म्हणाले, "बाई, ईदच्या मुबारकबादच्या जाहिराती नगरसेवकांकडून येतात. वर्षभराचा कागद त्यावर निघतो. वर्गणीदार किती, माहीत आहे? नव्वद. त्यातले साठ बाकीदार." मला त्यांचा राग आला नाही. त्या साठांत आमचेही घर असणार, असे वाटून शरम वाटली. चौकशी केली तर खरेच दोन वर्षांची वर्गणी थकली होती.

मुस्लिमांची बाजू मांडणारा अखबार नाही, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ती खोटी नाही. पण मला आता बाजू मांडणारा अखबार नको, पडताळणी करणारा हवा आहे. मग तो उर्दू असो की मराठी, संपादक कोणत्याही धर्माचा असो. अटकेच्या दिवशी बातमीत 'आरोप' हा शब्द लिहिणारा, आणि दहा वर्षांनी सुटका झाली तर तितकीच मोठी जागा देणारा. असा अखबार चालवायला बातमीदार लागतो. त्याला महिन्याचा पगार लागतो, न्यायालयात वर्षानुवर्षे जाऊन बसायला वेळ लागतो. आमच्या गावच्या खटल्याला दहा वर्षे लागली. दहा वर्षे तारखांना हजर राहणारा बातमीदार चार रुपयांत कसा मिळणार?

श्रीमंतांनी, ट्रस्टांनी मदत करावी, जरूर करावी. शाहू महाराजांचे उदाहरण समोर आहे. फक्त बदल्यात पहिल्या पानावर फोटो मागू नये. सरकारने जाहिराती द्याव्यात, पण मर्जीने वाटू नयेत, नियमाने द्याव्यात. तरीही इतिहास मला हेच सांगतो की हे सारे आधार आज आहेत, उद्या नाहीत. अखबाराची मान ताठ राहिली ती तिथेच, जिथे पुष्कळ लोकांनी थोडे थोडे दिले. एकाने पुष्कळ दिले, तर तो उद्या हिशेब मागायला येतो. हजारांनी थोडे दिले, तर ते फक्त अखबारच मागतात.

त्या मुलाच्या प्रश्नाला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकले नव्हते. पुढच्या आठवड्यात वर्गात ठरवले : दर महिन्याला प्रत्येकाने पाच रुपये आणायचे, त्यातून एक उर्दू आणि एक मराठी दैनिक घ्यायचे. ज्याच्याजवळ नसतील त्याचे मी भरते, पण ही गोष्ट फक्त त्याला आणि मला ठाऊक असते. रोज एक मुलगा उभा राहून एक बातमी वाचतो आणि बाकीचे विचारतात : हे कोणी सांगितले? दुसऱ्या बाजूला विचारले का? बातमीदार तिथे गेला होता का? कित्येकदा एकाही प्रश्नाचे उत्तर बातमीत नसते. मग आम्ही संपादकाला पोस्टकार्ड लिहितो. आजवर अकरा पाठवली. एकाचे उत्तर आले, दोन ओळींचे. चूक मान्य केली होती आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली होती.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने ते पत्र घरी नेऊन वडिलांना दाखवले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "आपा, अब्बा म्हणाले, आपण पैसे देतो म्हणून जवाब आला."

साप्ताहिकाची थकलेली वर्गणी मी त्याच संध्याकाळी भरून आले.